नाव नसलेली कुंडी

(प्रायश्चित्त काळातील तिसरा रविवार. वाचने : निर्गम ३:१-८, १३-१५, १ करिंथ १०:१-६, १०-१२, लूक १३:१-९)



सव्वा वर्षापूर्वीच्या नाताळची गोष्ट आहे. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून, सर्वांना शुभेच्छा देऊन मी धर्मगुरू-निवासाकडे परतलो, तेव्हा पायरीवर एक कुंडी ठेवलेली दिसली. लांब, मऊ, चकचकीत हिरवी पाने आणि मधोमध लालभडक चांदणी. कोणी दिली त्याची चिठ्ठी नाही, रोपाच्या नावाची पट्टी नाही. मला ती प्लॅस्टिकचीच वाटली. पान दोन बोटांत चुरगाळून पाहिले तेव्हा कळले की रोप जिवंत आहे. देणाऱ्याचा शोध काही लागला नाही. कुंडी कार्यालयाच्या खिडकीत गेली आणि 'फादरांचे लाल फूल' म्हणून ओळखली जाऊ लागली.

मी शेतकऱ्याचा मुलगा. पण त्या रोपाची निगा मी कशी राखली ते ऐकाल तर हसाल. रोज सकाळी तांब्याभर पाणी कुंडीतल्या मातीत ओतले. ऊन मिळावे म्हणून एप्रिलमध्ये गच्चीवर नेऊन ठेवले, तर तीन दिवसांत पानांवर तपकिरी डाग पडले. मग माती बदलली. वाडीतली चांगली काळी माती आणून कुंडीत घट्ट दाबून भरली. जून उजाडेपर्यंत लाल चांदणीचा रंग उडाला होता. मी जे जे केले ते प्रेमाने केले, आणि त्यातले जवळजवळ सगळेच चुकले. कारण एकच. आपण कोणाची काळजी घेत आहोत हे मला ठाऊकच नव्हते.

आपल्या युवकांनी मोबाईलवर फोटो काढून नाव शोधले. तीन फोटोंना तीन नावे आली. शेवटी आपल्याच धर्मग्रामातले एक फूलवाडीवाले काका आले. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवायला सांगितले आणि म्हणाले, "फादर, आधी नीट बघा तरी."

मग त्यांनी मला बघायला शिकवले. पाने देठाशिवाय एकात एक बसून मधे पेला तयार झाला आहे का? झाला आहे. म्हणजे हे अननसाच्या कुळातले, ब्रोमेलियाड कुळातले असू शकते. पानाच्या कडेवरून बोट फिरवा, काटे लागतात का? नाहीत. म्हणजे एकमिया नाही. त्याच्या कडांना काटे असतात, आणि बाजारात दिसणाऱ्या जातीच्या पानांवर राखाडी-रुपेरी पट्टे व गुलाबी तुरा असतो. पेल्यातली मधली पानेच लाल होऊन फुले आत पाण्यालगत बसली आहेत का? नाहीत, म्हणजे निओरेगेलिया नाही. लाल भाग तलवारीच्या पात्यासारखा चपटा आहे का? तसा असता तर व्रिसिया म्हटले असते. इथे तो चांदणीसारखा चहूबाजूंनी उमलला आहे, आणि त्याच्या आत लहान फुले येऊन गेल्याच्या खुणा आहेत. ज्याला आपण फूल म्हणत होतो ती खरे तर रंगीत पाने. खरी फुले बारीक आणि थोड्या दिवसांची. "हे गुझमानिया," काका म्हणाले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलची व्याख्येची रीत आम्ही पाठ केली होती : आधी वस्तूची जाती सांगायची, मग त्या जातीतल्या इतरांपासून तिला वेगळे करणारे लक्षण सांगायचे. परीक्षेत मला त्यावर चांगले गुण मिळाले होते. पण ती रीत बोटाच्या टोकाशी कशी लागते, हे मला एका फूलवाडीवाल्याने शिकवले.

मी पुढे विचारले, "गुझमानियातला नेमका कोणता प्रकार?" काका म्हणाले, "ते नाही सांगता येणार. माणसांनी संकर करून कितीतरी प्रकार काढलेत, एकासारखा दुसरा दिसतो. ज्याने रोप तयार केले त्याची चिठ्ठी असती तर कळले असते. एकदा चिठ्ठी हरवली की मग अंदाजच."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. कुळ आणि जात निरीक्षणाने कळते. पण ज्याचे त्याचे स्वतःचे नाव सांगावेच लागते. ते बाहेरून ओळखता येत नाही.

आजच्या पहिल्या वाचनात नेमके हेच आहे. मोशे मेंढरे चारीत असताना त्याला जळते झुडूप दिसते. तो वाट सोडून बघायला वळतो. तो वळला हे पाहिल्यावर मगच देव त्याला हाक मारतो, आणि तीही नावाने, दोनदा. मग मोशे विचारतो, "तुझे नाव काय म्हणून सांगू?" मिसरात देवांची कमतरता नव्हती. अमुक देव पुराचा, तमुक देव सूर्याचा, अशी वर्गवारी मोशेला पाठ असणार. पण जो त्याच्याशी बोलत होता त्याचे नाव त्याला तर्काने काढता आले नसते. ते देवाने स्वतः सांगितले. आणि नाव सांगण्याआधी देवाने काय सांगितले? मी माझ्या लोकांचे हाल पाहिले आहेत, त्यांचे ओरडणे ऐकले आहे, त्यांचे दुःख मला ठाऊक आहे. बघणे, ऐकणे, ठाऊक असणे. नावाची ओळख या क्रमाने येते.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या विश्वासांगीकारावरील प्रवचनांत म्हटले आहे की, आपली बुद्धी इतकी तोकडी आहे की एका माशीचे स्वरूपदेखील कोणा तत्त्ववेत्त्याला आजवर पूर्णपणे उलगडता आलेले नाही. जर माशीची ही गत, तर शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाची काय कथा!

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला संकोच वाटतो. पण प्रायश्चित्त काळात धर्मगुरूने फक्त दुसऱ्यांचे पाप सांगायचे नसते.

गुझमानिया हे नाव कळल्यावर मला मोठा आनंद झाला. मी एक पांढरी पट्टी घेतली, तिच्यावर सुवाच्य अक्षरांत नाव लिहिले, खाली 'कुळ : ब्रोमेलियाड' असे लिहिले आणि ती कुंडीत खोचली. जुलै महिना होता. त्याच आठवड्यात एक तरुण भिजत कार्यालयात आला. त्याची आई पहाटे वारली होती. अंत्यविधीची वेळ ठरवायची होती. मी मृत्यूची नोंदवही उघडली, पेन घेतले आणि विचारले, "आईचे नाव?"

त्याने नाव सांगितले. मी लिहून घेतले. मग सहज विचारले, "मिस्साला येत असत का?" तो माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "फादर, रोज यायची. बाजूच्या दरवाजाजवळ शेवटच्या बाकावर बसायची. आजारी पडेपर्यंत रोज."

तेव्हा मला त्या आठवल्या. त्या 'शेवटच्या बाकावरच्या आजी'. जवळजवळ दोन वर्षे, रोज सकाळी, मी त्यांच्या तळहातावर ख्रिस्तशरीर ठेवले होते. त्या 'आमेन' म्हणत, मी पुढच्याकडे वळे. त्या भाड्याच्या खोलीत मुलाबरोबर राहत होत्या. दुसऱ्या धर्मग्रामातून आल्या असल्याने आपल्या कुटुंब-नोंदवहीत त्यांचे घर नव्हते. मुलाला रात्रपाळी. शेवटचे दोन महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि शेवटचा बाक रिकामा होता. तो रिकामा आहे हे माझ्या ध्यानात आले नाही. आजाऱ्यांना दर शुक्रवारी ख्रिस्तशरीर नेले जाते. त्यांच्याकडे कोणी गेले नाही, कारण त्यांचे नाव यादीत नव्हते.

समोर खिडकीत कुंडी होती. तिच्यावर नावाची पट्टी होती. त्या क्षणी ती पट्टी मला बघवली नाही.

त्या बाईंचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांच्या मुलाची तशी इच्छा आहे. पण रोजच्या मिस्सात, मृतांच्या स्मरणाच्या वेळी, मी ते मनात घेतो. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो हे मी किती वेळा प्रवचनात सांगितले असेल!

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोपाची बाहेरची पाने पिवळी पडू लागली. मी म्हटले, झाले, हेही गेले. कुंडी उचलून मागे टाकायला निघालो, तेवढ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या, "फादर, फेकता कशाला? खाली बघा की. केळीला मुनवा येतो तसा आलाय."

खरेच, बुंध्याशी दोन हिरवी टोके डोकावत होती. बंधुभगिनींनो, आपण वसईची माणसे. केळ एकदाच घड देते, मग ती जाते आणि मुनवा तिची जागा घेतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. या रोपाचेही तसेच. ब्रोमेलियाड कुळातली बहुतेक रोपे एकदाच फुलतात. रंगीत चांदणी काही महिने टिकते. मग आईरोप हळूहळू, वर्ष-दीड वर्षात, वाळत जाते, आणि वाळता वाळता आपल्यातले सत्त्व पिलांना देत राहते. मी ज्याला मरण समजून उकिरड्यावर टाकणार होतो ते खरे तर बाळंतपण होते. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला तरच पीक देतो, हे प्रभूचे शिकवणे माझ्या खिडकीत चालू होते आणि मला ते वाचता येत नव्हते.

आजच्या शुभवर्तमानातला मळेवाला नेमका इथे भेटतो. मालक तीन वर्षे फळ शोधून थकला आहे. त्याचे म्हणणे खोटे नाही. झाड जागा अडवून बसले आहे. मळेवाला त्याच्याशी वाद घालत नाही. तो एक वर्ष मागून घेतो, आणि त्या वर्षात आपण काय करू तेही सांगतो : भोवती खणीन, खत घालीन. त्याची दया हातात कुदळ घेऊन उभी आहे. 'देव बघून घेईल' असे म्हणून तो घरी गेला नाही. आणि दाखल्याच्या आधी प्रभूने लोकांना काय विचारले होते? ज्यांच्यावर संकट कोसळले ते जास्त पापी होते का? शिलोहाचा बुरूज ज्या अठरा जणांवर पडला त्यांचे काही चुकले होते का? प्रभू म्हणतो, नाही. तुम्ही स्वतःकडे वळा. कोमेजलेले पान दिसले की आपणही लगेच निदान करतो : 'त्यांच्या घरात प्रार्थना नाही', 'मुलगा वाया गेला', 'सून तशीच'. भोवती खणून बघायला कोणी जात नाही.

आणखी एक शब्द आपण फार सहज वापरतो : बांडगूळ. झाडावर वाढणारे दुसरे झाड दिसले की आपण त्याला बांडगूळ म्हणतो. बांडगूळ आपली मुळे यजमान झाडाच्या आत घुसवून त्याचा रस ओढते. पण आपल्या आंब्यावर येणारी आमरी तशी नाही, आणि जंगलात झाडांवर राहणारी ही ब्रोमेलियाड रोपेही तशी नाहीत. त्यांची मुळे फक्त धरून ठेवण्यासाठी असतात. पाणी ती पावसाचे घेतात, पानांच्या पेल्यात साठवतात आणि पानांवरच्या बारीक खवल्यांतून पितात. उलट त्या पेल्यात बेडकांची पिल्ले वाढतात. जमेका बेटावर तर एक खेकडी आपली पिल्ले याच पाण्यात वाढवते आणि त्यांच्यासाठी ते पाणी स्वच्छ ठेवते. जो फक्त आधार मागतो आणि वर दुसऱ्यांना आसरा देतो, त्याला बांडगूळ म्हणणे हा अन्याय आहे. आपल्या गावात गेल्या काही वर्षांत इमारती उठल्या, भाडेकरू आले, कामासाठी दूरवरून माणसे आली. आपल्या घरांत म्हातारे आईवडील आहेत, घटस्फोटित बहिणी आहेत. यांतल्या कोणाकोणाला आपण मनात काय म्हणतो, ते प्रत्येकाने आज तपासून बघावे.

नावाचा विषय निघालाच आहे तर एक आठवण सांगतो. 'ब्रोमेलिया' हे नाव एका फ्रेंच संन्याशाने दिले. त्यांचे नाव चार्ल्स प्ल्युमिए (१६४६-१७०४). ते मिनिम संघाचे. 'मिनिम' म्हणजे सर्वांत लहान. फ्रान्सच्या राजाने त्यांना वनस्पती शोधायला तीन वेळा वेस्ट इंडीज बेटांवर पाठवले. तिथे सापडलेल्या नव्या झाडांना त्यांनी इतरांची नावे दिली : ब्रोमेलियस या स्वीडिश डॉक्टरांवरून ब्रोमेलिया, दुसऱ्या एका वनस्पतिशास्त्रज्ञावरून मॅग्नोलिया. स्वतःचे नाव त्यांनी कशाला दिले नाही. ते दुसऱ्यांनी दिले, आणि ज्या झाडाला दिले ते आपण सगळे ओळखतो. आपल्या दफनभूमीतल्या पांढऱ्या चाफ्याचे शास्त्रीय नाव आहे 'प्लुमेरिया'. जो आयुष्यभर इतरांची नावे जपत राहिला त्याचे नाव आज आपल्या मृतांच्या उशाशी फुलते. पुढच्या वेळी कबरीवर चाफा वेचाल तेव्हा त्या लहान बंधूसाठी एक प्रार्थना म्हणा.

ज्यांच्या घरी असे बिननावाचे रोप आहे त्यांच्यासाठी, माझ्या चुकांतून शिकलेल्या गोष्टी थोडक्यात देतो :

१. पाणी मधल्या पेल्यात घालावे, माती फक्त ओलसर ठेवावी. पावसाचे पाणी उत्तम. मचूळ किंवा जड पाण्याचे पांढरे डाग पानांवर बसतात.

२. आठवड्यातून एकदा कुंडी तिरकी करून पेला रिकामा करावा आणि ताजे पाणी भरावे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. देवाच्या निर्मितीवरील प्रेमापोटी शेजाऱ्याला तापाने पाडू नये.

३. काळी माती घट्ट भरू नये. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, थोडे कुजलेले पालापाचोळ्याचे खत असे भुसभुशीत मिश्रण चालते.

४. उजेड भरपूर, पण दुपारचे कडक ऊन नको.

५. तांबे या कुळाला सोसत नाही. तांब्याच्या भांड्यात साठवलेले पाणी घालू नये, आणि पानवेलीवर मारतात ते मोरचुदाचे बोर्डो मिश्रण याच्या जवळ आणू नये.

६. चांदणी वाळली की तिचा दांडा कापावा. रोप उपटू नये. पिले आईच्या निम्म्याएवढी झाली की धारदार सुरीने वेगळी करून लावावीत. घाई केली तर पिले जगत नाहीत. त्यांना फुलायला दोन-तीन वर्षे लागतात.

शेवटचा मुद्दा लिहिताना मला पुन्हा तो मळेवाला आठवला. तीन वर्षे! मालक ज्या मुदतीला कंटाळला, कित्येक रोपांना निव्वळ तयार व्हायलाच तेवढा काळ लागतो.

आणि हेही पाहा : अंजिराला खत मुळाशी हवे, या रोपाला पाणी पेल्यात हवे. एकाला जे जगवते ते दुसऱ्याला मारते. म्हणून 'मी सर्वांवर सारखेच प्रेम करतो' एवढे पुरेसे नाही. देव सर्वांना सारखे नव्हे, तर प्रत्येकाला नावाने प्रेम करतो. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालिया मरियेला प्रभू माळी वाटला. तिने त्याला ओळखले ते त्याने तिचे नाव घेतले तेव्हा.

आता सांगायचे ते काम. आज मिस्सा संपल्यावर दरवाजाजवळ आपल्या विभाग-प्रमुखांकडे कोरे कागद आहेत. आपल्या चाळीत, इमारतीत, आळीत जे कॅथलिक कुटुंब आपल्या नोंदवहीत नाही, त्यांच्या घरी या आठवड्यात जा. त्यांना विचारा, आणि त्यांची हरकत नसेल तरच नाव लिहून आणा. घरी आजारी कोण आहे तेही विचारा. आणि आज बाहेर पडण्यापूर्वी, ज्यांना तुम्ही वर्षानुवर्षे फक्त शांतीचे अभिवादन केले आहे, त्या शेजारच्या माणसाला त्याचे नाव विचारा. लाज वाटेल. मलाही वाटली. उशीर होण्यापेक्षा लाज बरी.

आईरोप अजून आहे. दोन पाने हिरवी आहेत. पिले आता निम्म्याएवढी झाली आहेत. पुनरुत्थानाच्या सणानंतर ती वेगळी करीन. एक त्या आजींच्या मुलाने मागितले आहे. दुसरे कोणाला द्यायचे ते ठरले नाही. जी व्यक्ती ती कुंडी पायरीवर ठेवून गेली तिने हे वाचले तर कृपया कार्यालयात यावे. आभार मानायचेच आहेत, पण त्याआधी तुमचे नाव विचारायचे आहे.

प्रार्थना करू या : हे प्रभू, तू आम्हा प्रत्येकाला नावाने ओळखतोस. आमची पाने पिवळी पडतात तेव्हाही तू आम्हाला टाकून देत नाहीस, आणखी एक वर्ष देतोस. आम्हाला वाट सोडून वळण्याचा वेळ दे, नीट बघणारे डोळे दे आणि खणणारे हात दे. ज्यांची नावे आम्ही विचारली नाहीत, त्यांना तुझ्या पुस्तकात जागा दे आणि आम्हाला क्षमा कर. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू